ऐकणारं माणूस

भांडुपच्या ज्या शाळेत मी शिकले, तिथे जिन्याखाली काचेचं एक कपाट होतं. आत गोष्टीची पुस्तकं, पाठ आमच्याकडे करून, ओळीने उभी. चार वर्षं मी त्या पाठींवरची नावं वाचली. कपाट उघडलेलं पाहिलं ते एकदाच. तपासणीला साहेब येणार होते, त्याच्या आदल्या दिवशी शिपाईमामा आत झुरळांची पावडर मारत होते. किल्ली हरवली होती असं नाही. पण पुस्तक गहाळ झालं तर त्याचे पैसे ज्या बाईंच्या नावावर कपाट आहे त्यांना भरावे लागतील, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. मग बाईंनी कुलूप लावलं. मीही तेच केलं असतं.

त्या बाईंचा मला बरीच वर्षं राग होता. आता राग त्या हिशोबाचा येतो, ज्यात न वाचलेलं पुस्तक जमेला आणि वाचून फाटलेलं पुस्तक खर्चाला पडतं. २००९ साली शिक्षण हक्क कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टीची पुस्तकंसुद्धा हवीत. ‘गोष्टीची पुस्तकं’ हे शब्द कायद्याच्या मजकुरात आले याचं मला अजून अप्रूप वाटतं. मात्र कायदा फार तर कपाट आणून देईल. ते रोज उघडायचं, तर बाईंच्या खिशाला झळ लागणार नाही याची हमी शाळेतच कोणीतरी द्यावी लागते.

त्याच कायद्याचं एकविसावं कलम शाळा व्यवस्थापन समितीचं. सरकारी आणि अनुदानित शाळांत या समितीतले तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. म्हणजे शाळा आणि घर यांनी मिळून मूल घडवायचं, हे निव्वळ भाषणातलं वाक्य राहिलेलं नाही, कागदावर पक्कं झालंय. प्रत्यक्षात काय होतं? पालकसभा लागते दुपारी तीनला. बाप शिफ्टला, आई दुसऱ्याच्या घरी भांड्यांना किंवा स्वतःच्याच घरी शेकड्यावर पॅकिंगचं काम करत बसलेली. ज्या येतात त्यांना वर्गशिक्षिका एक वाक्य सांगते: ‘घरी जरा वाचून घ्या त्याच्याकडून.’ आई मान हलवते आणि निघते.

या ‘वाचून घ्या’मध्येच घोळ आहे. वाचून घ्यायचं म्हणजे पुस्तक समोर धरायचं, चूक पकडायची, बरोबर काय ते सांगायचं. ते ज्या आईला येत नाही तिने काय करावं? ती दोन घरं सोडून राहणाऱ्या ट्यूशनवाल्या ताईकडे मुलाला पाठवते आणि वाचनाचा विषय घराबाहेर जातो.

भांडुप पश्चिमेला स्टेशनपासून लालबहादूर शास्त्री मार्ग ओलांडून वर चढू लागलात की हे घर कसं असतं ते कळतं. खाली एके काळी कारखान्यांची रांग होती. सिएटचे टायर, जीकेडब्ल्यू, एशियन पेंट्स. त्या भोंग्यांच्या भरवशावर रत्नागिरी-सिंधुदुर्गातली माणसं इथे आली आणि टेंभीपाडा, हनुमान टेकडी, कोकण नगर, खिंडीपाडा अशी टेकडीच्या अंगाने वर वर जात राहिली. मुंबईच्या पिण्याच्या पाण्यातला मोठा वाटा भांडुपच्याच जलशुद्धीकरण संकुलात शुद्ध होतो आणि त्याच भांडुपच्या टेकडीवर बायकांची संध्याकाळ पाण्याच्या वेळेला बांधलेली असते. दहा बाय बाराची खोली, पोटमाळा, एका भिंतीला टीव्ही, एका कोपऱ्यात शेगडी. आजी मालवणीत बोलते, आई मालवणी आणि मराठीची सरमिसळ करते, गल्लीत खेळायचं हिंदीत. शाळेची भाषा चौथीच. महापालिका आठ भाषांमधून शाळा चालवते, पण टेकडीवरचा बराचसा ओढा आता इंग्रजी माध्यमाकडे आहे. घरातल्या कोणालाच न येणाऱ्या भाषेतलं पुस्तक दप्तरात येतं आणि वर निरोप येतो, वाचून घ्या.

अशा घरात शाळेने आईकडून नेमकं काय मागावं? या प्रश्नाचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर लंडनमधून आलं आहे. उत्तर लंडनमधल्या हॅरिंगे या कामगारवस्तीच्या भागात १९७०च्या दशकात जॅक टिझार्ड, विल्यम स्कोफील्ड आणि जेनी ह्युइसन यांनी दोन वर्षं एक प्रयोग केला. काही शाळांतल्या लहान मुलांनी वर्गातलं पुस्तक नियमितपणे घरी न्यायचं आणि आई किंवा वडिलांना मोठ्याने वाचून दाखवायचं. दुसऱ्या काही शाळांना एक जादा, अनुभवी शिक्षिका देण्यात आली. ती मुलांचे छोटे गट करून वाचन घ्यायची. उरलेल्या शाळांत नेहमीसारखंच चालू. १९८२ साली निष्कर्ष छापून आले. घरी वाचून दाखवणारी मुलं स्पष्टपणे पुढे गेली होती. जादा शिक्षिका मिळालेल्या मुलांमध्ये तशी प्रगती दिसली नाही. आणि त्या वस्तीतल्या काही घरांत आईबापांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, काहींना तर कुठलीच लिपी वाचता येत नव्हती. त्यांची मुलंही पुढे सरकली.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. ज्याला स्वतःला वाचता येत नाही, तो शिकलेल्या बाईपेक्षा सरस कसा ठरेल? पण जरा पाढे म्हणून पाहा. वर्गात चाळीस मुलं, तास पस्तीस मिनिटांचा. बाईंनी एक क्षणही वाया न घालवता एकेकाचं वाचन ऐकलं, तरी एका मुलाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही. घरी भात शिजेपर्यंतची दहा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस धरली, तर पन्नास मिनिटं झाली. हा झाला वेळेचा भाग. दुसरं असं की बाई चूक ऐकायला बसलेल्या असतात आणि आई गोष्ट ऐकायला. पोहायला शिकणाऱ्याला काठावर कोणीतरी बसलेलं लागतं. त्या माणसाला स्वतःला पोहता आलंच पाहिजे असं नाही (विहिरीच्या बाबतीत मी हे विधान मागे घेते).

मोठ्याने वाचायचा सराव आपल्या लिपीत तर जास्तच लागतो. मराठी वाचन सोपं, जसं लिहायचं तसं बोलायचं, असं आपण सहज म्हणून जातो. सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी पाहिलं तर तसं दिसत नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि तिचा उच्चार नंतर. मूल डावीकडून वाचत येतं, त्याला आधी भेटते ती काठी, आणि ती कोणाची हे कळायला पुढच्या अक्षरावर जाऊन मागे यावं लागतं. ‘र’ तर बहुरूपीच आहे. सूर्यात डोक्यावर, चक्रात पोटाशी, ट्रकमध्ये पायाखाली, सुऱ्यात अर्ध्या चंद्रासारखा. आणि ‘घरासमोरच्या’ हा एक शब्द! घर, समोर, चा, सगळं एका रेघेखाली गुंफलेलं. मूल अक्षर-अक्षर लावत ‘च्या’पर्यंत पोचतं तोवर ‘घ’ विसरलेलं असतं. अडखळत वाचणाऱ्या मुलाला अर्थ लागत नाही तो यामुळे. बुद्धी कमी नसते, वाक्याचं शेवटचं टोक हाती येईपर्यंत पहिलं टोक सुटून गेलेलं असतं. वेग आला की ते सुटत नाही. वेग येतो वाचूनच, तोही समोर कोणी ऐकणारं असेल तर लवकर.

‘निपुण भारत’ या २०२१च्या राष्ट्रीय मोहिमेत तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द अर्थ समजून वाचावेत असं लक्ष्य आहे. लक्ष्य ठेवायला हरकत नाही. पण मराठीचा एक शब्द कितीदा इंग्रजीच्या तीन शब्दांएवढा असतो, हे घड्याळ लावून बसणाऱ्याने लक्षात ठेवावं. मी पाहिलेली काही मुलं आता ‘अर्थ समजून’ हा भाग सोडून साठचा पल्ला गाठायला शिकली आहेत. रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखी वाचतात.

शाळा आणि वस्ती यांच्यामध्ये माणूस उभा करायचे मुंबईतले प्रयत्न मात्र जुने आहेत. त्यांच्याही आधी, १९४५ साली ताराबाई मोडकांनी मुंबईबाहेर, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. आज देशभर सरकारी पाटीवर तो रंगवलेला असतो, पण अंगणात शिकवायचं म्हणजे मुलाची आई आणि आजी दारात बसून सगळं ऐकत असणार, हा त्यातला गाभा पाटीवर मावत नाही.

पन्नास वर्षांनी, १९९५ला, माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईत ‘प्रथम’ ही संस्था उभी केली. इमारती बांधायला पैसे नव्हते आणि गरजही नव्हती. वस्तीतलं देऊळ, कोणाची बाहेरची खोली, मंडळाचं कार्यालय, जिथे जागा मिळेल तिथे बालवाडी. शिकवायला वस्तीतल्याच मुली. पुढे महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ आली. दहावी-बारावी झालेली, त्याच गल्लीतली मुलगी. तिसरी-चौथीतली जी मुलं मागे पडलीत, अशी पंधरा-वीस वर्गातून बाजूला घेऊन ती रोज दोन तास त्यांच्याबरोबर बसायची. मुंबई आणि वडोदऱ्यात अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह या कामाची नीट मोजदाद केली. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलांचे गुण वाढले होते, आणि सर्वाधिक फायदा झाला होता तळाच्या मुलांचा. या दोघांना २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा वर्तमानपत्रांनी बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, हे ठळक छापलं. त्या मुलींबद्दल कोणी फार लिहिलं नाही. बालसखीकडे डी.एड. नव्हतं. पण तिला कोणाचा बाप रात्रपाळीला आहे, कोणाच्या घरी नवं बाळ आलंय, कोण गणपतीला गावी गेला तो अजून परतलेला नाही, हे माहीत असायचं. संध्याकाळी नळावर तिची आणि मुलाच्या आईची गाठ पडायची. तीच त्या दिवसाची पालकसभा.

‘प्रथम’चाच २००५पासूनचा ‘असर’ अहवाल आपण शाळांचं प्रगतिपुस्तक म्हणून वाचतो आणि दोन दिवस हळहळतो. ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी २०१८मध्ये २७.३ टक्के होती, करोनानंतर २०२२मध्ये २०.५ टक्क्यांवर आली, २०२४मध्ये पुन्हा २७.१ झाली. मुंबई या पाहणीत येत नाही, तेव्हा भांडुपचा आकडा त्यात शोधू नये. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ही पाहणी शाळेत होत नाही, घरी जाऊन होते. एकच कागद. त्यावर अक्षरं, शब्द, चार ओळींचा उतारा आणि एक छोटी गोष्ट. मूल उंबऱ्यात बसून वाचतं, आई बघत असते, शेजारची दोन डोकी वाकून पाहतात. तिसरीत पोचलेला आपला मुलगा शब्दांवरच अडकतोय, हे कितीतरी आयांना त्या क्षणी पहिल्यांदा कळतं. प्रगतिपुस्तकातल्या ‘ब-१’ने ते कधीच कळलेलं नसतं.

महाराष्ट्र सरकारच्या ‘पहिले पाऊल’ अभियानात पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आयांचे गट वस्तीवस्तीत करण्यात आले, ही मला त्यामुळेच बरी दिशा वाटते. १५ ऑक्टोबरला अब्दुल कलामांच्या जन्मदिवशी ‘वाचन प्रेरणा दिन’ होतो, फोटो निघतात, पुस्तकं हातात धरून मुलं ओळीने उभी राहतात. १६ ऑक्टोबरला त्यांतली किती पुस्तकं घरी गेली, हे कोणी विचारत नाही.

गेली काही वर्षं दर शनिवारी सकाळी मी टेकडीवरच्या एका शाळेत पुस्तकांची देवघेव करायला बसते. सगळी मुलं मला टीचर म्हणतात, मी शिक्षिका नसूनही. व्यवस्था साधी आहे. जुन्या साडीच्या कापडाची पिशवी प्रत्येकाला, पिशवीत एक पुस्तक आणि एक पुठ्ठ्याचा तुकडा. शनिवारी न्यायचं, पुढच्या शनिवारी आणायचं. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांकडून एका कागदावर लिहून घेतलं होतं की दर वर्षी दहातलं एक पुस्तक फाटणार किंवा हरवणार, हे धरून चालायचं आणि त्याची वसुली कोणाकडूनही करायची नाही. माझ्या लेखी सगळ्या उपक्रमात महत्त्वाचा तो एक कागद. तो मिळाल्यावर कपाटाची किल्ली वर्गातल्या खिळ्यावर लटकायला लागली.

पुठ्ठ्यावर पालकांच्या सहीची चौकट आम्ही मुद्दामच ठेवली नाही. सही मागितली की ती मूल स्वतःच करतं, हे आम्ही सगळ्यांनी आपापल्या बालपणी केलेलं आहे. त्याऐवजी विचारलं: ‘कोणी ऐकलं?’ आणि ‘त्यांना काय आवडलं?’ उत्तर मुलाने लिहायचं. पहिले काही महिने ‘आईने ऐकले, छान’ एवढंच यायचं. मग हळूहळू ‘पप्पांनी ऐकले, झोपले’, ‘मावशीने अर्धे ऐकले, पाणी आले’ असं खरं लिहिलेलं दिसायला लागलं.

पालकसभा आम्ही रविवारी सकाळी आणली. त्यात सांगायचं थोडंच असतं. शिकवू नका, ऐका. मूल अडलं तर मनात पाचपर्यंत मोजा, तरीही अडलं आणि तुम्हाला येत असेल तर शब्द सांगून टाका, येत नसेल तर पुढे जा म्हणा. मध्ये एखाद्या चित्रावर थांबवा. ‘काय समजलं?’ असं विचारू नका, तो परीक्षेचा प्रश्न आहे. ‘आता काय होईल रे?’ असं विचारा. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिलं होतं की दोन-अडीच वर्षांच्या मुलांना चित्रांचं पुस्तक वाचून दाखवताना आईबापांनी असे मोकळे प्रश्न विचारले, तर महिन्याभरात मुलांच्या बोलण्यात फरक पडतो. आमच्याकडच्या आज्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. गोष्ट सांगताना ‘मगे काय झाला असात?’ म्हणून थांबायची त्यांची जुनी सवय आहे.

पुस्तकं कोणती, हा प्रश्न हमखास येतो. माझा आग्रह एवढाच की त्यात मुलाला आपलं घर दिसावं. माधुरी पुरंदरेंच्या चित्रांतली घरं अशी असतात. वाळत घातलेले कपडे, पसारा, वैतागलेली आई, सगळं असतं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय, त्याचे जुने अंक मोबाइलवरही वाचायला मिळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी फुकट आहेत आणि छापूनही घेता येतात. इंग्रजी शाळेतल्या मुलांनाही मी एक मराठी पुस्तक हळूच पिशवीत सरकवते. घरी ते समजणारे कान असतात म्हणून.

त्या कानांची ताकद मला कळली ती गेल्या पावसाळ्यात. तिसरीतला एक मुलगा, घरी ऐकणारी त्याची मालवणची आजी. तिला अक्षरओळख नाही. तो ‘मला’ वाचतो, ती स्वतःशी ‘माका’ म्हणते आणि त्याला वाटतं, आपण तिला भाषांतर करून दिलं. एकदा त्याने मगरीच्या गोष्टीचं पुस्तक नेलं. पुढच्या शनिवारी परत केलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी आणलं, पण बदलून दुसरं घेईना.

‘हेच परत पाहिजे,’ म्हणाला.

‘एवढं आवडलं?’

‘मला नाही. आजीला.’ तो जरा घुटमळला. ‘ती म्हणते, मगर नदीत होती ती एकदम झाडाखाली कशी आली? तू मधलं काहीतरी खाल्लंस.’

मी पुस्तक उघडलं. बारावं आणि तेरावं पान डाळीच्या पाण्याने एकमेकांना घट्ट चिकटलं होतं. नखाने सोडवून पाहिलं, तर आत सगळी जोडाक्षरं. मी त्याच्याकडे पाहिलं.

‘टीचर, शपथ,’ तो म्हणाला, ‘पानं आधीपासून चिकटलेली होती.’

पुठ्ठ्यावर ‘कोणी ऐकलं?’समोर त्याने ‘आजी’ लिहिलं होतं. ‘काय आवडलं?’ची जागा कोरी होती. मी पुस्तक पुसून पुन्हा त्याच्या पिशवीत टाकलं.